पश्चिमेची भिंत कोणाची?

भिंतींना कान असतात, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. भिंतींना स्मरणशक्तीही असते, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. मे महिन्यात दुपारी तीन वाजता पश्चिमेच्या भिंतीवर जे ऊन पडते ते ती भिंत विसरत नाही. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत ते ऊन हळूहळू आत मुरवत नेते आणि सहा ते आठ तासांनी, म्हणजे रात्री दहा-अकराच्या सुमारास, घरातल्या माणसांच्या स्वाधीन करते. बाहेर वारा सुटलेला असतो, रस्त्यावर बऱ्यापैकी गारवा आलेला असतो, आणि आत भिंतीलगतच्या पलंगावर निजलेला माणूस कूस बदलत विचार करत असतो, की ऊन तर केव्हाच गेले, मग ही धग येते कुठून?

या प्रश्नाला आपण गेल्या पंचवीस-तीस वर्षांत एकच उत्तर शोधले आहे. ते दुकानात मिळते, हप्त्यावर मिळते, आणि दोन माणसे अर्ध्या दिवसात येऊन भिंतीला भोक पाडून ते बसवून जातात. आजार म्हशीला आणि औषध पखालीला, अशी आपल्याकडे म्हण आहे. तापलेली असते ती भिंत आणि आपण गार करतो ती हवा. गार केलेली हवा भिंत पुन्हा तापवते, यंत्र ती पुन्हा गार करते, आणि या झटापटीचे बिल महिन्याच्या महिन्याला घरी येते. दीड टनाचे यंत्र भर उन्हाळ्यात तासाला एक ते दीड युनिट वीज सहज घेते. रात्रीचे आठ तास आणि उन्हाळ्याचे शंभर दिवस धरा, म्हणजे हिशेब हजार युनिटांपर्यंत जातो. शिवाय ते यंत्र खोलीतली उष्णता आणि स्वतः खाल्लेल्या विजेची उष्णता अशी दोन्ही मिळून शेजाऱ्याच्या खिडकीत नेऊन टाकते. मी यंत्राच्या विरुद्ध नाही. पारा पंचेचाळीसच्या पुढे गेल्यावर अकोल्याच्या किंवा चंद्रपूरच्या माणसाला साधेपणाचे धडे देणे हा उद्धटपणा होईल. माझे म्हणणे एवढेच, की जुन्या घरात राहणाऱ्याने यंत्राच्या आधी भिंतीकडे पाहावे. आणि सोसायटीत भिंत एकट्याची नसल्यामुळे ते सर्वांनी मिळून पाहावे.

बँकेतल्या नोकरीने मला दोन गोष्टी दिल्या. एक पेन्शन, आणि दुसरी, गावोगावच्या भिंतींशी ओळख. रत्नागिरी जिल्ह्यात होतो तेव्हा जांभ्या चिऱ्याच्या घरात भाड्याने राहिलो. मिरग जवळ आला की घरमालक पावसाच्या बाजूच्या भिंतीला नारळाच्या झावळ्यांची झापे बांधून टाकत. ‘‘भिंत भिजली की घर आजारी पडतं, साहेब,’’ असे ते म्हणत. पुढे अकोला जिल्ह्यात बदली झाली आणि धाब्याचे घर पाहिले. दोन हात रुंद मातीची भिंत, वर लाकडी सऱ्या, त्यांवर काड्या आणि त्यांवर मातीचा जाड थर. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसे, आणि आत मात्र माठाजवळ बसल्यासारखे वाटे. या घरांना उंदीर, ढेकूण, अंधार, दरवर्षीची डागडुजी असे शंभर दोष होते. ती पुन्हा बांधा असे मी म्हणणार नाही. पण भिंत हा घराचा कपडा आहे आणि तो हवेप्रमाणे चढवायचा असतो, हे त्या लोकांना ठाऊक होते.

आपण शहरात आलो आणि कपडा सगळ्यांना एकाच मापाचा शिवला. साठ, सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत आपल्या मध्यमवर्गाने सहकारी सोसायट्यांतून जी घरे बांधली, त्यांचा मला अभिमान आहे. सिमेंट परमिटवर मिळण्याचा तो काळ. पै पै जमवून, प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेऊन लोकांनी तीन-चार मजली इमारती उभ्या केल्या. त्यांना काँक्रीटचे सपाट छप्पर आणि बाहेरून नऊ इंची वीट. कुठे काटकसर म्हणून सहा इंचीच. त्या वेळी आजूबाजूला झाडे होती, समोर मोकळे मैदान होते, आणि उन्हाळ्याच्या रात्री गच्चीवर गाद्या टाकून निजण्याची सोय होती. आज झाडे गेली, मैदानावर टॉवर झाला आणि गच्चीवर पाण्याच्या टाक्या व डिश अँटेना आल्या. भिंत मात्र तीच राहिली.

आता थोडे सूर्याविषयी. आपल्याकडे घर पाहताना दक्षिणेची भीती फार. पण ऐन उन्हाळ्यात दक्षिणेची भिंत निर्दोष असते. मेच्या मध्यास पुण्या-मुंबईत आणि महिन्याच्या अखेरीस नागपुरात सूर्य भर दुपारी बरोबर डोक्यावर येतो. त्यालाच आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो. म्हणजे त्या दिवसांत सर्वांत जास्त ऊन खाते ती गच्ची. त्याखालोखाल पूर्व आणि पश्चिमेच्या भिंती. पूर्वेची भिंत तापते तेव्हा सकाळची हवा अजून गार असते आणि तिला निवायला उरलेला दिवस मिळतो. पश्चिमेची भिंत तापते ती आधीच तापलेल्या हवेत, आणि तिचा हिशेब रात्री चुकता होतो. याचा अर्थ असा, की चार मजली इमारतीत सर्वांत वाईट घर कोणते, तर वरच्या मजल्यावरचे पश्चिमेच्या टोकाचे. दोन्हीकडचा मारा त्यालाच.

हा केवळ सोयी-गैरसोयीचा प्रश्न नाही. ऑगस्ट २००३ मध्ये फ्रान्समध्ये उष्णतेची लाट आली आणि सुमारे पंधरा हजार माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य वृद्ध. कोण वाचले आणि कोण गेले, याचा पुढे अभ्यास झाला तेव्हा घरी राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत ज्या गोष्टी घातक ठरल्या त्यांत निजायची खोली थेट छपराखाली असणे आणि घराला उष्णता अडवणारे अस्तर नसणे या दोन होत्या. आपल्याकडे मे २०१० मध्ये अहमदाबादेत त्या एका महिन्यात एरवीपेक्षा तेराशेहून अधिक मृत्यू जास्त नोंदले गेले. त्यानंतर २०१३ साली त्या शहराने उष्णतेशी सामना करण्याचा आराखडा तयार केला, आणि पुढे गरीब वस्त्यांतल्या छपरांना पांढरा रंग देण्याची मोहीमही काढली. दिवसा माणूस सावलीत जाऊ शकतो, पाणी पिऊ शकतो. रात्री शरीराला निवायला मिळाले नाही, की दुसऱ्या दिवशीचे ऊन म्हाताऱ्या हृदयाला पेलत नाही.

‘घराला गोधडी? ही थंड देशातली खुळे!’ असे कोणी म्हणेल. त्यांनी आपल्या लहानपणीचा बर्फवाला आठवावा. तो बर्फाच्या लादीवर लाकडाचा भुसा टाकून वर गोणपाट गुंडाळत असे. गोणपाटाने बर्फ गरम होत नसे. बाहेरची उष्णता आत जायला उशीर होत असे. गोधडी काय, भुसा काय आणि थर्मोकोल काय, काम करते ती त्यांत अडकून पडलेली स्थिर हवा. ती आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही, तशीच बाहेरची धग आत येऊ देत नाही. दोन इंच थर्मोकोल जेवढी उष्णता अडवते तेवढी अडवायला विटेची भिंत सुमारे तीन फूट जाड लागेल. नऊ इंची भिंतीवर असा दोन इंची थर बसला, की तिच्यातून येणारी उष्णता साधारण चौथ्या हिश्श्यावर येते. वाड्याची तीन फुटी भिंत आज कोणाला परवडणार नाही. हे अस्तर परवडण्याजोगे आहे.

आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर, पश्चिमेच्या टोकाला, ऐंशी उलटलेल्या एक निवृत्त शिक्षिका राहतात. सगळे त्यांना काकू म्हणतात. काही वर्षांपूर्वी इमारतीचा बाहेरचा गिलावा काढून नवा करायचा ठरला. परांची बांधली गेली. काकूंनी सभेत उठून विचारले, की परांची बांधलेलीच आहे, गिलावाही काढलेलाच आहे, तर पश्चिमेच्या भिंतीला नव्या गिलाव्याखाली अस्तराचा एक थर देता येईल का? त्यांनी कुठेतरी वाचून चौकशी केली होती, कागदही आणले होते. सभेत थोडा वेळ शांतता पसरली. मग एक सभासद म्हणाले, ‘‘काकू, पाणी गळत असेल तर सांगा. ऊन काय सोसायटीने पाठवलं आहे?’’ लोक हसले. काकूही हसल्या आणि खाली बसल्या. मी अस्तराच्या बाजूने हात वर केला, आणखी चौघांनी केला. पाच हातांनी ठराव होत नाही. पुढे इमारतीला रंग लागला तो फॅशनप्रमाणे गडद चॉकलेटी, आणि गडद रंग ऊन जास्त पितो हे शाळेत सातवी-आठवीला शिकवलेले असते. काकू आता एप्रिल-मे लेकीकडे काढतात. स्वतःचे घर असून उन्हाळ्यात बाहेर राहायचे, हे त्यांना आवडत नाही, एवढेच त्या म्हणतात.

त्या सभासदाचा विनोद मला आजही टोचतो, कारण नियमांच्या भाषेत तो बरोबर होता. आपल्या गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत इमारतीची बाहेरची दुरुस्ती, गच्ची, कठडे आणि पावसाच्या पाण्याची गळती ही संस्थेची जबाबदारी धरली आहे. गच्चीतून पाणी झिरपून वरच्या मजल्याचे छत खराब झाले तर तेही संस्थेने दुरुस्त करायचे. म्हणजे पाणी गळले तर सोसायटी, ऊन गळले तर तुमचे तुम्ही! बरे, सभासदाने स्वखर्चाने करायचे म्हटले तर बाहेरची भिंत सामाईक. परवानगीशिवाय तिला हात लावता येत नाही. घरात निजणारा एक आणि भिंतीचे मालक बत्तीस, अशी ही कथा आहे. भाड्याच्या जुन्या घरांत तर याहून अवघड. मालक म्हणतो, या भाड्यात मी अस्तर कशाला लावू? भाडेकरू म्हणतो, दुसऱ्याच्या भिंतीवर मी पैसा का घालू? दोघांचेही गणित चुकीचे नाही, आणि तरी भिंत उघडीच राहते.

सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये ‘इको निवास संहिता’ आणली. घराच्या भिंतींतून किती उष्णता आत यावी याला तिने मर्यादा घातली. पण ती नव्या इमारतींचा, त्यातही पाचशे चौरस मीटर वा त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींचा विचार करते. ज्या जुन्या घरांत आपण आज राहतो, त्यांचे आपणच बघायचे आहे.

मग करायचे काय? माणूस पटकन भिंतीपाशी धावतो, म्हणून क्रम सांगतो. आधी ओल. ओल्या भिंतीवर अस्तर चढवणे म्हणजे ओल्या अंगावर स्वेटर घालणे. गळके पाइप, फुटका गिलावा, खिडकीच्या कडेची चीर यांचा बंदोबस्त झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. मग गच्ची, तिला निदान पांढरा रंग, जमल्यास अस्तर. मग खिडक्यांवर बाहेरून सावली, कारण काचेतून आत आलेल्या उन्हाला भिंत काय करणार? आणि मग पश्चिमेची भिंत.

भिंतीला अस्तर बाहेरून द्यावे की आतून, यावर बराच खल होतो. शक्य असेल तर बाहेरून. थर्मोकोलचे दाट जातीचे तक्ते भिंतीला चिकटवून, खुंट्या मारून पक्के करायचे, त्यावर जाळी आणि त्यावर गिलावा. यामुळे विटेची भिंत सावलीत राहते. ती रात्रीचा गारवा साठवून दिवसा आपल्याला परत देते. शिवाय आपल्याकडे नैर्ऋत्येचा पाऊस झोडपतो तोही बहुधा याच भिंतीला, तेव्हा नीट केलेल्या कामाने एका खर्चात दोन कामे होतात. तळमजल्याच्या किंवा बैठ्या घराला आणखी एक उपाय आहे: पश्चिमेला थोडी पोकळी सोडून सिपोरेक्सच्या चार इंची विटांची दुसरी भिंत. ती एकटीच जवळजवळ सव्वा फुटी विटेच्या भिंतीइतकी उष्णता अडवते. मात्र तिला स्वतःचा पाया हवा. आतून करायचे तर पट्ट्यांचा सांगाडा, मध्ये खनिज लोकर आणि वर जिप्समचा तक्ता, अशी पद्धत आहे. यात सोसायटीच्या बाहेरच्या भिंतीला धक्का लागत नाही, खोली दोन-तीन इंचांनी लहान होते आणि विटेच्या भिंतीचा गारवा मात्र आपल्याला पारखा होतो. पावसाळ्यात ए.सी. लावणाऱ्यांनी तर अधिक जपावे. बाहेरची दमट हवा आतल्या थंड तक्त्यामागे पोचली तर तिथे दव धरते आणि पाठोपाठ बुरशी येते.

ज्यांना यांतले काहीच परवडत नाही त्यांनी हताश होऊ नये. भिंतीपासून हातभर अंतरावर बांबूची चटई, एखादा वेल, नाहीतर भिंतीवर पांढरा चुना, यांनीही फरक पडतो. मी स्वतः पश्चिमेच्या भिंतीला पुस्तकांची कपाटे लावली आहेत; फूटभर कागद हे उत्तम अस्तर आहे. फक्त कपाट आणि भिंत यांत चार बोटे जागा सोडावी, नाहीतर पावसाळ्यात पहिले पान कादंबरीचे आणि दुसरे बुरशीचे.

दोन इशारे मात्र द्यायलाच हवेत. पहिला आगीचा. लंडनमधली ग्रेनफेल टॉवर ही १९७४ साली पुरी झालेली चोवीस मजली इमारत. तिला बाहेरून अस्तर आणि आवरण चढवण्याचे काम २०१६ मध्ये पूर्ण झाले, आणि १४ जून २०१७ च्या रात्री एका स्वयंपाकघरात लागलेली आग त्याच जळाऊ आवरणावरून वर चढत गेली. ७२ माणसे गेली. थर्मोकोलही जळते. ते कुठेही उघडे ठेवू नये, गॅस आणि विजेच्या तारांपासून लांब ठेवावे, आणि उंच इमारतीत न जळणारी खनिज लोकरच वापरावी. दुसरा इशारा कामाच्या दर्जाचा. त्याच देशात सरकारी योजनेतून बावीस हजारांवर घरांच्या भिंतींना बाहेरून जे अस्तर बसवले गेले, त्यांतल्या अठ्ठ्याण्णव टक्के घरांत असे दोष निघाले की ते दुरुस्त न केल्यास ओल आणि बुरशी येईल, असे तिथल्या लेखापरीक्षकांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये सांगितले. वस्तू चांगली होती. कडा, सांधे, खिडक्यांच्या चौकटी यांकडे कोणी पाहिले नाही. आपल्याकडे काय होते हे वेगळे सांगायला नको. शेवटचा हप्ता एक पावसाळा गेल्यावरच द्यावा, हा एका माजी बँकवाल्याचा सल्ला समजा.

आणि ज्यांच्याकडे खरोखरच जुना वाडा किंवा मातीचे घर उरले आहे त्यांनी तिथे हे काही करू नये. चुन्या-मातीची भिंत श्वास घेते; पावसाळ्यात ओल पिते, उन्हाळ्यात सोडते. तिला सिमेंटचा गिलावा किंवा प्लॅस्टिकचा रंग फासला की ओल आतच कोंडते आणि भिंत पोटातून कुजते. तिला चुनाच द्यावा.

एक पथ्य मात्र सर्वांना सारखे आहे. अस्तर गारवा निर्माण करत नाही, ते फक्त उष्णतेला उशीर करते. आत साठलेली उष्णता रात्री बाहेर घालवली नाही तर तेच अस्तर ती आत अडवून धरेल. म्हणून दुपारी खिडक्या बंद आणि रात्री सताड उघड्या, हा आपल्या आज्यांचा नियम पाळायला हवाच.

बँकेत असताना घरांच्या मूल्यांकनाचे शेकडो अहवाल माझ्या टेबलावरून गेले. क्षेत्रफळ, इमारतीचे वय, फरशी मोझॅकची की मार्बलची, रस्ता किती फुटी, असे सगळे रकाने त्यांत असत. हे घर उन्हाळ्यात राहण्याजोगे आहे का, असा रकाना मी कधी पाहिला नाही. घरदुरुस्तीचे कर्ज घेणारे बहुतेक लोक फरशी बदलत. बँकांनी भिंतीच्या आणि गच्चीच्या अस्तराला थोडा कमी व्याजदर दिला तर ते कर्ज बुडणार नाही, कारण त्याचा हप्ता काही अंशी विजेच्या बिलातूनच सुटेल.

आपल्या सोसायट्यांची वार्षिक सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते, म्हणून ती बहुधा पावसाळ्यातच होते. बाहेर गारवा असतो, गणपतीची वर्गणी हा मोठा विषय असतो, आणि मे महिना कोणाच्याही ध्यानात नसतो. म्हणून विषयपत्रिका निघण्यापूर्वीच सेक्रेटरींना लेखी पत्र द्या: पुढच्या वेळी बाहेरच्या गिलाव्याचे काम निघेल तेव्हा गच्ची आणि पश्चिमेची भिंत यांच्या अस्तराचा खर्च अंदाजपत्रकात धरावा आणि तो सर्वांनी मिळून सोसावा. वरच्या मजल्यावरचे घर आपल्या सगळ्यांच्या डोक्यावरचे छप्पर आहे आणि टोकाचे घर आपल्या सगळ्यांची भिंत. ती दोन कुटुंबे आपल्या वाटचे ऊन गेली चाळीस वर्षे खात आली आहेत. त्यांच्यासाठी एक हात वर करायला फार धैर्य लागत नाही.